पारोच्या पलीकडचा मेजर गिल

(आकुर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "मेजर गिल म्हणजे तो पारोवालाच ना?" (हशा) हो, तोच. आणि ज्यांनी हे विचारलं नाही त्यांनी दुसरं विचारलं, "ज्याची सगळी चित्रं जळाली, तो ना?" तोही हाच. आज मला या दोघांबद्दल थोडं आणि तिसऱ्याबद्दल जास्त बोलायचं आहे. तिसरा गिल म्हणजे कॅमेरा घेऊन अजिंठ्याच्या दरीत उभा राहिलेला गिल. त्याच्याबद्दल मला कोणीच विचारलं नाही, म्हणून तर हे व्याख्यान.

इथे समोर बसलेल्यांत खानदेशातली, मराठवाड्यातली, बुलढाण्याकडची बरीच मंडळी असणार. चिंचवड-आकुर्डीत नोकरीला आलेलं प्रत्येक तिसरं माणूस तिकडचं. त्यामुळे अजिंठा, भुसावळ, लोणार ही नावं मला नकाशावर दाखवत बसायला नकोत. तुमच्यातल्या काहींच्या घरापासून गिलची कबर रिक्षाच्या अंतरावर असेल. ती भुसावळला आहे. १८७९ च्या एप्रिलमध्ये तो गेला.

आधी थोडक्यात हकिकत सांगून टाकते.

रॉबर्ट गिल, जन्म १८०४. मद्रासच्या फौजेतला अधिकारी, हाताने चित्रं बरी काढणारा. अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेला पडली १८१९ मध्ये. जॉन स्मिथ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. आपल्याकडची पोरं किल्ल्यावर बदाम कोरतात, त्यांचा हा पूर्वज. पुढे जेम्स फर्ग्युसन हा मूळचा निळीचा व्यापारी देशभर हिंडून देवळं आणि लेणी पाहत होता. त्याने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत लेण्यांवर निबंध वाचला आणि सांगितलं, ही चित्रं नष्ट होताहेत, नकला करून घ्या. कंपनी सरकारने ऐकलं. १८४४ मध्ये या कामावर गिलची नेमणूक झाली. तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहायला आला. गाव वर, घाटमाथ्यावर. लेणी खाली, वाघोरा नदीच्या वळणात. मुलूख निजामाचा, पगार कंपनीचा. पुढची जवळजवळ वीस वर्षं तो लेण्यांतली चित्रं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवत होता. ती लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि ३० डिसेंबर १८६६ ला त्या इमारतीला आग लागली. तिथे लावलेली जवळजवळ सगळी गेली. चार-पाच वाचली. आता ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

अशी ही शोकांतिका. माणसाने उमेदीची वर्षं एका दरीत घालवली आणि एका रात्रीत राख. कोणाही लेखकाला मोह पडावा अशीच गोष्ट आहे, आणि तो पडला. पण टीकाकाराने जरा थांबून विचारलं पाहिजे की, जे जळालं ते नक्की काय होतं? आपण ते मनात फार मोठं करून ठेवलं आहे. जळालेल्या चित्राला कोणी नावं ठेवू शकत नाही, हा त्याचा फायदा असतो. जी चार-पाच उरली आहेत ती पाहिली तर मेहनत दिसते, चिकाटी दिसते, आदरही दिसतो. पण अजिंठ्याची भिंत म्हणजे मातीच्या लेपावरचा कोरडा रंग. तो उजेड शोषून घेतो, चमकत नाही. तैलरंगाचा स्वभाव बरोबर उलटा. त्यामुळे नक्कल कितीही प्रामाणिक असली तरी ती दुसऱ्याच भाषेतली. अनुवादच म्हणा.

आणि एक गोष्ट गिलच्या चाहत्यांना आवडत नाही, तरी बोलली पाहिजे. अंधारातले रंग उजळून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर वॉर्निश लावलं. गिलच्या काळात लावलं, नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन आलेल्या जॉन ग्रिफिथ्सच्या काळातही लावलं. ते वॉर्निश पिवळं पडलं, काळं पडलं, धूळ धरून बसलं. १९२० ते २२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले तेव्हा त्यांचं एक मोठं काम ते थर उतरवण्याचं होतं. म्हणजे ज्या कामासाठी गिल अमर झाला, त्याच कामाने मूळ चित्रांना थोडी का होईना इजा केली. ग्रिफिथ्सच्या नकलांचाही मोठा भाग १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेला, पण त्याच्यावर कोणी सिनेमा काढला नाही. त्याच्या गोष्टीत पारो नव्हती ना. (हशा)

आता कॅमेऱ्याकडे येते.

१८५६ च्या सुमारास गिलच्या हातात कॅमेरा आला. तेव्हा मुंबईत फोटोग्राफीची हौस चांगलीच सुरू झाली होती, १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. पण मुंबईत फोटो काढणं वेगळं आणि अजिंठ्यात वेगळं. त्या वेळची चलती पद्धत अशी होती: काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं ओतायचं, ती पट्टी अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, उजेड द्यायचा आणि वाळायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांच्या आत. वाळली की संपलं. आता हे खानदेशच्या उन्हात करून बघा. एप्रिलमध्ये तिकडे ओला रुमाल किती वेळ ओला राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे डोंगरात जाताना कॅमेरा, तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाऱ्या खोलीच्या जागी तंबू, एवढं सगळं लागणार. ते कोणी तरी वाहून नेलं असणार. त्या माणसांची नावं कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाहीत.

माझ्या मते पुढची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. ही काच रंगआंधळी असते. निळा उजेड तिला लगेच कळतो; लाल, तांबूस, पिवळा जवळजवळ कळतच नाही, तो काळा येतो. म्हणून त्या काळच्या बहुतेक फोटोंत आभाळ कोरं पांढरं दिसतं. आणि अजिंठ्याच्या चित्रांत भरणा कशाचा? गेरू, पिवळी माती, तांबडे-तपकिरी रंग. त्यात पुन्हा आत अंधार. म्हणजे ज्या चित्रांसाठी या माणसाला अजिंठ्यात पाठवलं होतं, नेमकी तीच त्याच्या कॅमेऱ्याला दिसत नव्हती.

मग कॅमेऱ्याला काय दिसत होतं? बाहेरचं. लेण्यांची तोंडं, खांब, तुटलेले सज्जे, कड्याचा काळा दगड, दरीचं वळण, पायथ्याचं नदीपात्र, गावाची वेस. अंगणात, ओसरीत जिथपर्यंत ऊन पोचतं तिथपर्यंतचा दगड. चित्रांचा नकलाकार कॅमेरा हातात घेताच भूदृश्याचा माणूस झाला. हे त्याने ठरवून केलं असं मी म्हणत नाही. काचेच्या स्वभावाने त्याला दाराबाहेर काढलं. पण बाहेर आल्यावर त्याने जे पाहिलं ते ब्रश धरलेल्या गिलने पाहिलं नव्हतं. ब्रशला लेण्याची एक भिंत दिसत होती, कॅमेऱ्याला लेणं कुठे बसलंय ते दिसलं. अजिंठ्याची खरी करामत त्या बसण्यात आहे. घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी, एका बाजूला ओळीने कोरलेली लेणी, खाली पाणी. आपण आज गाडीतळावरून बसने जातो, फरसबंद वाटेने एकेक लेणं ओळीने बघतो, त्यामुळे ते एक संग्रहालय वाटतं, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मुळात एकेका लेण्याला नदीपासून वर येणारा आपला स्वतंत्र जिना होता. भिक्षू पाण्यापासून वर चढत असे. ही गोष्ट आतल्या भिंतीच्या नकलेत कधीच कळणार नाही.

आणि गिलने काढले ते बरेचसे फोटो जोडफोटो होते. स्टिरिओ. कॅमेऱ्याला दोन डोळे, आपल्या डोळ्यांइतक्याच अंतरावर. एकाच जागेची दोन चित्रं, किंचित फरकाची. स्टिरिओस्कोपमधून बघितली की दोन्ही मिळून एक होतात आणि खोली दिसायला लागते. तुमच्या लहानपणी घरात व्ह्यूमास्टर असेल तर तुम्हाला लगेच कळेल. जत्रेतल्या बायोस्कोपला डोळे लावल्यावर जसं सगळं जग बाजूला सरतं, तसंच इथे होतं. आता विचार करा, लेण्यासाठी यापेक्षा योग्य साधन कोणतं? लेणं म्हणजे बांधलेली वस्तूच नव्हे, ती काढून टाकलेली जागा आहे. दगड काढला आणि पोकळी उरली. साध्या फोटोत पोकळी म्हणजे काळा डाग येतो. जोडफोटोत खांबाच्या मागे खांब, त्याच्या मागे अंधार, असे थर उलगडतात.

पण आज आपण गिलचे फोटो बघतो कसे? पुस्तकात किंवा मोबाइलवर जोडीतला एक अर्धा छापलेला असतो. म्हणजे दोन डोळ्यांच्या माणसाचं काम आपण एका डोळ्याने बघतो आणि मग म्हणतो, "ठीक आहेत, जुने फोटो आहेत." त्याच्या कीर्तीवर जे अन्याय झाले त्यातला मला सगळ्यांत मोठा हाच वाटतो. आगीपेक्षाही मोठा.

१८६४ मध्ये लंडनमध्ये दोन पुस्तकं निघाली. एक, भारतातल्या कोरीव लेण्यांवरचं, ७४ छायाचित्रांचं. दुसरं, पश्चिम भारतातली वास्तू आणि निसर्गेतिहास यांवरचं, १०० जोडफोटोंचं. त्या काळी छापखान्यात फोटो छापता येत नसत, म्हणून अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर काढलेल्या प्रती प्रत्येक पुस्तकात हाताने चिकटवल्या आहेत. दोन्ही पुस्तकांचा मजकूर फर्ग्युसनचा. पहिल्या पुस्तकावर लेखक म्हणून नाव फर्ग्युसनचं, आणि खाली, छायाचित्रं जागेवर जाऊन काढली मेजर गिल यांनी. ग्रंथालयात ते पुस्तक शोधायचं तर तुम्ही फर्ग्युसनच्या नावाने शोधणार.

इथे टूलरूममध्ये, डिझाइनमध्ये काम केलेली मंडळी असतील. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते ना? ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय. पार्टला नाव कोणाचं लागतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. (हशा) गिल हा 'ड्रॉन बाय' होता. फर्ग्युसनला आपल्या इतिहासासाठी पुरावे हवे होते. कोणतं लेणं आधीचं, कोणतं नंतरचं, खांबाची घडण कशी बदलली, हे ठरवायला फोटो हे उत्तम साधन. त्याच्या दृष्टीने गिलचा फोटो म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराने बोलावं तेवढंच, स्वतःची मतं सांगू नयेत. त्यामुळे फोटोंकडे कोणी 'यात बघणारा माणूस कोण आहे' अशा नजरेने पाहिलंच नाही. पुरातत्त्ववाल्यांनी त्यांचा उपयोग केला, कलासमीक्षकांनी ते पुरातत्त्वाचे म्हणून सोडून दिले.

त्याच सुमारास सॅम्युअल बोर्न भारतात आला, १८६३ मध्ये. सात वर्षं राहिला. हिमालयात तीन मोठ्या मोहिमा काढल्या, ढिगाने हमाल घेऊन, अठरा हजार फुटांवरच्या खिंडीत जाऊन फोटो काढले आणि इंग्लंडच्या मासिकात त्या प्रवासांची वर्णनं लिहिली. त्यात हमालांबद्दलच्या तक्रारी भरपूर आहेत. बोर्नचं नाव आज फोटोग्राफीच्या प्रत्येक इतिहासात आहे. का? तो चौकट फार सुंदर बांधायचा, ही एक गोष्ट. पण दुसरी अशी की तो हिंडणारा होता. भूदृश्याच्या फोटोग्राफीत कीर्ती मिळते ती हिंडणाऱ्याला. नवी खिंड, नवं शिखर, याआधी कोणी न पाहिलेलं. एका ठिकाणी पस्तीस वर्षं बसून राहणाऱ्याला नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स तर आयुष्यभर योसेमिटीच्या दरीत परत परत गेला, त्याला कीर्ती मिळालीच की. चौदाव्या वर्षी, १९१६ मध्ये तो पहिल्यांदा तिथे गेला आणि मरेपर्यंत जात राहिला. तो गेल्यावर तिथल्या एका शिखराला त्याचं नाव दिलं. बरोबर आहे. पण अ‍ॅडम्सला आपल्या प्रिंट स्वतः करता आल्या, आपली पुस्तकं स्वतःच्या नावाने काढता आली, आपल्या पद्धतीबद्दल स्वतः लिहिता आलं. ज्याला स्वतःच्या कामाबद्दल बोलायची जागा मिळते त्याचं नाव टिकतं. अ‍ॅडम्सवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, त्याच्या दरीत माणूस नाही, तिथले मूळ रहिवासी तर नाहीतच. गिलच्या फोटोंत माणूस असतो. खांबापाशी उभा केलेला, पायरीवर बसवलेला. पण तो असतो मापासाठी. कारखान्यात पार्टचा फोटो काढताना शेजारी पेन ठेवतात ना, आकार कळावा म्हणून, तसा. त्या माणसांना स्थिर उभं राहा म्हणून सांगितलं गेलं आणि ती राहिली. कोण होती ती? लेण्यांजवळच्या लेणापूरची, फर्दापूरची, अजिंठ्याची कोणी तरी असतील. फोटोतल्या त्या माणसाच्या चेहऱ्याकडे कोणी निरखून बघितलंय असं मला तरी दिसत नाही. आपणही नाही.

आता मी गिलची वकिली करायला उभी राहिलेली नाही, हेही स्पष्ट करते. त्याचे सगळे फोटो चांगले नाहीत. काही अगदी रुक्ष आहेत, कामाचा अहवाल वाटावा असे. त्या शंभर जोडफोटोंच्या पुस्तकात 'निसर्गेतिहास' असा जो शब्द आहे त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी मेलेलं जनावर असा आहे. गिल मोठा शिकारी होता, त्याने मारलेल्या वाघांची संख्या शेकड्यात सांगतात. देवळाचा फोटो, मग दरीचा फोटो, मग शिकारीचा. तिघांकडे बघायची नजर एकच, हे आपल्याला आज बोचतं आणि बोचायला हवं. पण त्या नजरेमुळेच बाकीचे फोटो फेकून द्यावेत असं मला वाटत नाही. लोणारच्या सरोवराकाठची देवळं, अजिंठ्याजवळच्या अन्व्याचं देऊळ, हे त्याने तिथे रस्ता धड नव्हता तेव्हा जाऊन टिपलं. तिथे त्याला नकलेचं काम नव्हतं. कंपनीने दिलेली लेण्यांची यादी नव्हती. त्या फोटोंत मला तो जरा मोकळा वाटतो.

पारोबद्दल बोलल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, माहीत आहे.

अजिंठा गावात पारोची कबर आहे. तिच्यावर गिलने लावलेला लेख आहे आणि त्यावर तिच्या मृत्यूचं साल आहे, १८५६. खात्रीचं म्हणावं ते जवळजवळ एवढंच. ती कोण होती? कोणी भिल्ल म्हणतं, कोणी कोळी, कोणी बंजारा. ज्याला जी हवी ती. गिलला इंग्लिश बायको होती, मुलं होती, हेही आपण सोयीने विसरतो. ना. धों. महानोर हे अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याचे. त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीची दीर्घ कविता केली, 'अजिंठा'. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्यावर त्याच नावाचा सिनेमा केला. योगायोग किती विलक्षण बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये २ तारखेला देसाई गेले आणि ३ तारखेला महानोर.

कवितेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कवीने दंतकथा घ्यावी, तो त्याचा अधिकार. महानोरांनी त्या दरीतलं पाणी, रान, ऋतू ज्या जवळिकीने पाहिले त्याच्यापुढे गिलचा कॅमेरा परकाच आहे. तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण कवितेवर थांबलो. पारोची गोष्ट एवढी मोठी झाली की गिलच्या हातातला कॅमेरा तिच्याआड गेला. आणि त्यात पारोचं तरी भलं झालं का? तिचं सगळं अस्तित्व एका गोऱ्या साहेबाची प्रेयसी एवढंच उरलं. तिला अजिंठ्याची दरी कशी दिसत होती, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तिच्या कबरीवरही लिहिणारा गिलच.

१८५६ मध्ये पारो गेली आणि १८५६ च्याच सुमारास कॅमेरा आला. म्हणजे आता हे दोन धागे जोडायची केवढी सोय! दुःख विसरायला त्याने कॅमेरा हातात घेतला, असं वाक्य मी तुम्हाला देऊ शकते आणि तुम्ही टाळ्याही वाजवाल. पण मी ते देणार नाही. त्याला पुरावा नाही. कॅमेरा कामासाठी आला होता. गिलच्या बाबतीत आपल्याला कोरडं राहायला शिकलं पाहिजे, कारण भावनेने त्याच्यावर आधीच भरपूर वॉर्निश लावलेलं आहे.

मग हे फोटो आज कशासाठी बघायचे? एक अगदी ठोस उदाहरण देते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यापुढे, म्हणजे पद्मपाणी आहे त्याच लेण्यापुढे, एक कोरीव द्वारमंडप होता. १९ व्या शतकातल्या जुन्या छायाचित्रांत तो अर्धवट उभा दिसतो. पुढे तो पूर्ण कोसळला आणि त्याचे कोरीव दगड दरीत लोटून दिले गेले. गेले ते गेलेच. आज तुम्ही तिकीट काढून त्या लेण्यासमोर उभे राहता तेव्हा तिथे काही उणं आहे असं तुम्हाला वाटतसुद्धा नाही. जुना फोटो नसता तर ते उणेपणही नाहीसं झालं असतं. तसंच बाहेरच्या खांबांचं. पुष्कळ ठिकाणी नंतर डागडुजी झाली, नवे खांब उभे केले, वाट बांधली. ती करायलाच हवी होती. पण कोणता खांब पंधराशे वर्षांचा आणि कोणता शंभर वर्षांचा, हे सांगणारा साक्षीदार जुनी काच आहे. आणि कड्यावरचं रान बघा, नदीचं पात्र बघा. पावसाळ्यातला अजिंठा आणि मे महिन्यातला अजिंठा यांत जेवढा फरक, तेवढाच दीडशे वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या दरीत आहे का? हा प्रश्न विचारायलाही आधीचा फोटो लागतो.

अमेरिकेत १९७७ पासून काही फोटोग्राफर मंडळींनी असं केलं की, तिथल्या पश्चिमेकडच्या प्रदेशाचे शंभर वर्षांपूर्वीचे सर्वेक्षणाचे फोटो घेतले, ती नेमकी जागा शोधली, तोच महिना, तीच वेळ, सावली जुळेपर्यंत थांबले आणि तोच फोटो पुन्हा काढला. पुनर्छायाचित्रण म्हणा. मार्क क्लेट हे त्यातलं मोठं नाव. आपल्याकडे गिलच्या बाबतीत हे करायला काय हरकत आहे? अजिंठा, वेरूळ, लोणार, अन्वा. आकुर्डीत शनिवार-रविवारी कॅमेरे घेऊन लोणावळ्याकडे जाणाऱ्या तरुणांची संख्या काही कमी नाही. सगळे तोच राजमाचीचा पाऊस आणि तोच ढगांचा समुद्र आणतात. सुंदर असतो, मी नाही म्हणत नाही. पण मापं घेऊन, जुन्या फोटोतली तिवईची जागा शोधून काढणं, हे काम इथल्या मुलांइतकं चांगलं कोण करणार? मशिनवर दहा मायक्रॉनचा हिशेब ठेवणारी माणसं तुम्ही.

मूळ प्रती बघायला मात्र लंडनच गाठावं लागतं, हे दुर्दैव आहेच. ब्रिटिश लायब्ररीकडे गिलचे पुष्कळ फोटो आहेत. घरबसल्या बघता येत होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि त्यांची कितीतरी डिजिटल दालनं महिनोन्महिने बंद पडली. एकदा क्रिस्टल पॅलेस, एकदा साउथ केन्सिंग्टन, आणि आता ही विनाधुराची आग. अजिंठ्याची एक नीट छापलेली जोडफोटोंची प्रत आपल्या राज्यात, संभाजीनगरला किंवा निदान लेण्यांच्या प्रवेशापाशी, सोबत स्टिरिओस्कोप ठेवून का असू नये? तिथे सिमेंटची प्रतिलेणी बांधून झाली. त्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

एक प्रश्न आला आहे, चिठ्ठीवर. "गिलला तुम्ही कलावंत मानता की नाही, हो किंवा नाही सांगा." (हशा) छान. अजिंठ्यातल्या नकलांसाठी विचाराल तर, नाही, तो चांगला कारागीर. फोटोंसाठी विचाराल तर शंभरातल्या वीस-पंचविसांसाठी हो. एवढं प्रमाण कोणत्याही फोटोग्राफरला चांगलं म्हणायचं.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी पुठ्ठ्याचा एक साधा स्टिरिओस्कोप आणि लेण्यांच्या तोंडाच्या चार जोडफोटोंच्या प्रती ठेवल्या आहेत. चष्मा असेल तर काढू नका. पहिले दहा सेकंद दोन-दोन दिसेल, घाई करू नका, डोळे सैल सोडा. आणि खांबापाशी उभा असलेला माणूस आधी बघा, खांब नंतर.